पासवर्ड कुणाकडे आहे?

वाचकाचं पत्र (२०२५): मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. वय ६४. वर्षाची पेन्शन ४ लाख ८० हजार, मुदत ठेवींचं व्याज १ लाख १६ हजार आणि बचत खात्याचं ४ हजार. सगळं एकाच बँकेत आहे. दरवर्षी आयकर विवरणपत्र भरायला गावातल्या एका माणसाकडे फॉर्म १६ (पेन्शन आणि कापलेला कर दाखवणारं प्रमाणपत्र) आणि बँकेची सर्टिफिकिटं देते. तो ८०० रुपये घेतो आणि एक कागद हातात ठेवतो. गेल्या वर्षीचा रिफंड अजून आलेला नाही. विचारलं की "साइट स्लो आहे, येईल" म्हणतो. पुण्यातला मुलगा म्हणतो, "आई, तू स्वतः भर, अर्ध्या तासाचं काम आहे." मोबाइलवर मी वीजबिल भरते, एसटीचं तिकीट काढते, पण हे करायला हात धजावत नाही. चूक झाली आणि नोटीस आली तर? शिवाय सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. निदान त्यांचं तरी कागदावर भरता येईल का?
— एक निवृत्त मुख्याध्यापिका, कराड

बाई, मुलगा म्हणतो तो अर्धा तास खरा आहे, पण तो नुसता फॉर्म भरण्याचा. पहिल्या वर्षी तयारीसकट दोन-तीन संध्याकाळी लागतील, असं धरून चला.  एरवी ३१ जुलैला संपणारी मुदत २०२५ साली आधी १५ आणि मग १६ सप्टेंबरपर्यंत वाढवली होती. फक्त शेवटच्या चार दिवसांवर ढकलू नका. त्या दिवसांत आयकर खात्याचं पोर्टल खरोखरच रखडतं आणि ओटीपी वेळ उलटून गेल्यावर येतो.

ई-फायलिंग, म्हणजे ऑनलाइन विवरणपत्र भरणं, तुम्हाला जमेल का, ही तुमची शंका. पण तुमचं विवरणपत्र कित्येक वर्षं ऑनलाइनच जातं आहे. करनिर्धारण वर्ष (आर्थिक वर्ष संपल्यावर त्याचं विवरणपत्र भरण्याचं वर्ष) २०१३-१४ पासून ५ लाखांवर उत्पन्न असणाऱ्यांना ते सक्तीचं झालं, पुढे रिफंड मागणाऱ्यांनाही. आता कागदाची मुभा उरली आहे ती ८० वर्षं पूर्ण केलेल्यांना, तीही आयटीआर-१ किंवा आयटीआर-४ हे विवरणपत्राचे सोपे फॉर्म भरणार असतील तरच. गावातला तो माणूस तुमच्या पॅनने लॉग-इन होऊनच भरतो. तेव्हा आधी शोधायचं ते एवढंच, की पोर्टलवरच्या त्या खात्याचा पासवर्ड कुणाकडे आहे आणि ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो. आमचा अंदाज, दोन्ही त्याच्याकडे असावेत.

वीजबिल भरताना न अडणारा हात इथे का अडतो, याला कारणं आहेत. वीजबिल महिन्याला येतं, चारदा भरलं की बोटांना सवय होते. विवरणपत्र वर्षातून एकदाच येतं, आणि दरवर्षी पडदा थोडा बदललेला असतो. फॉर्मातली भाषा ही दुसरी अडचण. इंग्रजी येत असूनही 'ग्रॉस टोटल इन्कम' आणि 'टोटल इन्कम' यांतला फरक कुणी शिकवलेला नसतो. लोक नवं तंत्र का उचलतात यावर १९८९ साली फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकाने एक मांडणी केली: ते उपयोगाचं वाटलं पाहिजे आणि सोपं वाटलं पाहिजे. पुढच्या अभ्यासकांनी त्यात विश्वास आणि जोखीम यांची भर घातली. कराच्या बाबतीत आम्हाला जोखीमच सगळ्यांत जड वाटते. ८०० रुपये देऊन तुम्ही टायपिंग विकत घेत नाही, "चुकलं तर त्याचं" हा दिलासा विकत घेता. तो दिलासा मात्र पोकळ आहे. विवरणपत्राच्या शेवटी माहिती खरी असल्याची घोषणा असते, ती तुमच्या नावाने असते, आणि कायद्यापुढे जबाबदार तुम्हीच असता.

हे मुद्दाम सांगतो आहोत. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने देशभरात १५० ठिकाणी पडताळणी मोहीम सुरू केली. घरभाडं, राजकीय देणग्या, आरोग्य विमा, शैक्षणिक कर्ज अशा खोट्या वजावटी दाखवून रिफंड मिळवून देणाऱ्यांवर रोख होता, आणि आधीच्या छाप्यांत पुरावे सापडलेल्या राज्यांत महाराष्ट्राचंही नाव होतं. खात्याने तेव्हा सांगितलेली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे: असे लोक गठ्ठ्याने विवरणपत्रं भरण्यासाठी तात्पुरते ई-मेल आयडी काढतात आणि नंतर सोडून देतात, त्यामुळे खात्याच्या नोटिसा कुणी वाचतच नाही. तुमचा माणूस तसा आहे, असं आम्ही म्हणत नाही. पोर्टलवरच्या आपल्या खात्याला कुणाचा ई-मेल जोडला आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, ही काळजीची बाब आहे.

म्हणून पहिली संध्याकाळ फॉर्मला हात न लावता खातं ताब्यात घेण्यात घालवा. आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर जा. पत्त्याचा शेवट 'डॉट जीओव्ही डॉट इन' असाच हवा. एसएमएसमधल्या लिंकवरून कधीही जाऊ नका. युजर आयडी म्हणजे तुमचा पॅन. 'फर्गॉट पासवर्ड' दाबलं की काही पर्याय येतात, त्यांतला आधार ओटीपीचा निवडा. हा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, पोर्टलवरच्या खात्यात नोंदवलेल्या मोबाइलवर नाही, म्हणून त्या माणसाला न विचारता पासवर्ड बदलता येतो. आधारला जुना किंवा मुलाचा नंबर असेल, तर आधी आधार केंद्रावर जाऊन तो बदलून घ्या, नाहीतर पुढे प्रत्येक पायरीला अडाल. बँकेच्या नेटबँकिंगमधूनही पोर्टलवर शिरता येतं. आत गेल्यावर 'माय प्रोफाइल'मध्ये संपर्काची माहिती उघडा, मोबाइल आणि ई-मेल स्वतःचे घाला. दोन्हींवर वेगवेगळे ओटीपी येतील.

तिथेच 'ई-फायलिंग व्हॉल्ट' नावाची सोय आहे. ती चालू केली की नुसत्या पासवर्डवर कुणाला आत येता येत नाही, आधार ओटीपी किंवा नेटबँकिंगही लागतं. आधारचा मोबाइल पक्का तुमच्या हातात असेल तरच चालू करा. तो हरवला तर तुम्हीच दाराबाहेर राहाल.

मग बँक खातं बघा. रिफंड फक्त पोर्टलवर 'व्हॅलिडेट' (तपासून मान्य) झालेल्या आणि रिफंडसाठी निवडलेल्या खात्यातच जमा होतो. इथे हमखास अडतं ते नावामुळे. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत नुसती आद्याक्षरं, अशी तीन नावं असली की संगणकाला तीन बायका दिसतात. बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी (शाखेचा सांकेतिक क्रमांक) बदलला आणि पोर्टलवर जुनाच राहिला, तरी रिफंड परत फिरतो.

आता गेल्या वर्षीचा रिफंड. 'ई-फाइल', मग 'इन्कम टॅक्स रिटर्न्स', मग 'व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स' असं जा आणि २०२४-२५ या करनिर्धारण वर्षासमोर काय लिहिलं आहे ते वाचा. 'पेंडिंग फॉर ई-व्हेरिफिकेशन' दिसलं, तर विवरणपत्र भरलं पण त्यावर तुमची सही झालीच नाही, असं समजा. १ ऑगस्ट २०२२ पासून भरल्यावर ३० दिवसांत पडताळणी करावी लागते, त्याआधी १२० दिवस मिळत. अनेकांच्या डोक्यात अजून १२० च आहेत. पडताळणी न झालेलं विवरणपत्र भरलेलंच धरत नाहीत. तुमच्या हातातला कागदही पुन्हा काढून बघा. वर 'व्हेरिफिकेशन फॉर्म' असं छापलं असेल तर ती पोचपावती नव्हे. पडताळणी झाल्यावर मिळणाऱ्या कागदावर 'अ‍ॅक्नॉलेजमेंट' असतं. असं निघालं तर 'सर्व्हिसेस'मध्ये 'कंडोनेशन रिक्वेस्ट' आहे, तिथे उशिराचं कारण देऊन विनंती करता येते.

'रिफंड फेल्ड' असेल तर काम सोपं आहे. बँक खातं व्हॅलिडेट करायचं आणि 'रिफंड रीइश्यू'ची विनंती टाकायची. पडताळणी झालेली असूनही प्रक्रियाच झाली नसेल, तर जुलै २०२४ मध्ये भरलेल्या विवरणपत्रावर कायद्याने आयकर खात्याला ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वेळ होता. तेव्हा साइट स्लो असण्याचा आणि रिफंडचा वर्षभराने काही संबंध उरत नाही. त्या माणसाचं उत्तर आम्हाला पटलेलं नाही.

दुसरी संध्याकाळ कागद जुळवण्याची. तीन गोष्टी शेजारी ठेवा: कोषागाराचा फॉर्म १६, बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र आणि पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस. ही पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो: छोट्या लिपीत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ अंकी, मध्ये जागा न सोडता. एआयएसमध्ये बँका, पोस्ट, म्युच्युअल फंड यांनी तुमच्याबद्दल कळवलेलं सगळं असतं. ते डोळे मिटून खरं मानू नका आणि त्याकडे डोळेझाकही करू नका. सासूबाईंच्या ठेवीवर पहिलं नाव तुमचं असेल, तर त्यांचं व्याज तुमच्या नावावर दिसेल. एकच नोंद दोनदाही येते. अशा नोंदीवर तिथेच 'फीडबॅक' देता येतो.

ठेव पाच वर्षांनी एकदम मिळणारी असली, तरी बँक दरवर्षी साचलेलं व्याज कळवते आणि त्यावर कर कापते. "हातात आल्यावर दाखवू" म्हणणाऱ्यांचा हिशोब इथे फसतो. उलट पतसंस्थेतल्या ठेवीचं व्याज एआयएसमध्ये बहुधा येत नाही, कारण सभासदाच्या व्याजावर तिथे सहसा कर कापला जात नाही. ते उत्पन्न मात्र असतंच आणि दाखवावंच लागतं.

फॉर्म तुम्हाला आयटीआर-१, म्हणजे 'सहज' लागतो. पेन्शन, व्याज, एखादं घर आणि ५० लाखांपर्यंत एकूण उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीचा तो फॉर्म. करनिर्धारण वर्ष २०२५-२६ पासून शेअर किंवा इक्विटी फंडांचा सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफाही त्यात बसतो. करनिर्धारण वर्ष २०२५-२६ निवडा. आर्थिक वर्ष २०२४-२५ असल्याने इथे बोट चुकतं, आणि ज्यांना कर भरायचा असतो त्यांचे पैसे चुकीच्या वर्षाच्या चलनात जातात. मग 'ऑनलाइन' निवडा. पाच भाग येतील: वैयक्तिक माहिती, उत्पन्न, वजावटी, भरलेला कर आणि करदेयता. बरंचसं आधीच भरलेलं असतं. प्रत्येक भाग वाचून 'कन्फर्म' करायचा. मध्येच उठलात आणि काही मिनिटं हात लावला नाही, तर बाहेर काढलं जाईल. म्हणून प्रत्येक भागानंतर जतन करा.

नोकरीच्या प्रकारात 'पेन्शनर्स' यातला राज्य सरकारचा पर्याय तुमचा. त्याच भागात नवी करपद्धती (जिच्यात बहुतेक वजावटी मिळत नाहीत) सोडायची आहे का, असा प्रश्न येतो. तुम्हाला सोडायचं कारण नाही. आर्थिक वर्ष २०२४-२५ चा हिशोब असा. पेन्शन ४,८०,०००, ठेवींचं व्याज १,१६,०००, बचतीचं ४,०००, एकूण ६ लाख. नव्या पद्धतीत पेन्शनवर सरसकट ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते, उरले ५,२५,०००. पहिल्या ३ लाखांवर कर नाही, वरच्या २,२५,००० वर ५ टक्क्यांनी ११,२५० होतात. उत्पन्न ७ लाखांच्या आत असल्याने कलम ८७ए ची सूट ते सगळे पुसते. कर शून्य. जुन्या पद्धतीतही ५० हजार प्रमाणित वजावट आणि ज्येष्ठांच्या व्याजाची ५० हजारांची वजावट घेतली की शून्यच येतं, पण तिथे कागद जास्त. विमा वगैरे वजावटी घ्यायच्या तर करनिर्धारण वर्ष २०२५-२६ च्या फॉर्मात पॉलिसीचे क्रमांकही मागितले आहेत. एकच लक्षात ठेवा: जुनी पद्धत हवी असणाऱ्याने मुदतीतच भरावं, मुदत उलटली की ती निवडता येत नाही.

सगळ्यांत जास्त चूक होते ती व्याजाच्या रकान्यात. बँकेने १० टक्क्यांनी ११,६०० कापून खात्यात १,०४,४०० जमा केले. पासबुकात तोच आकडा दिसतो, म्हणून लोक तोच भरतात. तुम्ही पूर्ण १,१६,००० लिहा, आणि कापलेले ११,६०० 'टॅक्स पेड' या भागात आले आहेत ना ते बघा. तोच तुमचा रिफंड. कर शून्य असला तरी विवरणपत्र भरायलाच हवं, कारण मूळ उत्पन्न ३ लाखांच्या वर आहे. मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, पण उत्पन्न ५ लाखांच्या वर असलेल्यांना ५,००० रुपये विलंब शुल्क बसतं. म्हणजे रिफंडचा जवळजवळ निम्मा भाग आळसाला जाईल. (वेतन आयोगाची थकबाकी त्या वर्षी मिळाली असेल आणि कलम ८९ ची सवलत घ्यायची असेल, तर फॉर्म १०ई आधी भरा, विवरणपत्र नंतर. उलटं केलं की सवलत नाकारली जाते.)

सादर केल्यावर लगेच, त्याच बैठकीत, आधार ओटीपीने पडताळणी करा. "उद्या करू" म्हणून राहिलेल्यांचेच रिफंड अडतात. ओटीपी येतच नसेल तर फॉर्म छापून, सही करून बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राला, पिन ५६०५००, स्पीड पोस्टाने पाठवा. तो ३० दिवसांच्या आत तिथे पोहोचायला हवा, म्हणून आठवड्याच्या आत टाका.

नोटिशीचं म्हणाल, तर काही आठवड्यांनी ई-मेलवर 'कलम १४३(१)' असं लिहिलेला कागद येईलच. घाबरू नका, ती नोटीस नव्हे. विवरणपत्रावर प्रक्रिया झाली की ती सूचना येते. त्यात दोन रकाने असतात: तुम्ही भरलेले आकडे आणि संगणकाने काढलेले. दोन्ही जुळले की काम झालं. पासवर्ड एआयएसचाच. फॉर्ममध्ये काही राहिलं असेल तर कलम १३९(९) खाली सदोष विवरणपत्राची सूचना येते आणि दुरुस्तीला १५ दिवस मिळतात. भरून झाल्यावर तुम्हालाच चूक दिसली तर सुधारित विवरणपत्र भरता येतं; करनिर्धारण वर्ष २०२५-२६ साठी ते ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत दंडाशिवाय भरता येत होतं. तुम्ही शाळेत मुलांना पाटी पुसू देत होता, इथेही ती सोय आहे. न पुसली जाणारी चूक म्हणजे न वाचलेला ई-मेल. एखादं पत्र खरं की बनावट, अशी शंका आली तर पोर्टलवर लॉग-इन न करताही त्यावरचा क्रमांक घालून खात्री करता येते. अडलंच तर १८०० १०३ ००२५ हा मदतीचा निःशुल्क क्रमांक आहे.

हे सगळं वाचूनही भरायला माणूसच हवा असं वाटलं, तर त्यात कमीपणा नाही. व्यवसायाचं उत्पन्न, शेअरचे पुष्कळ व्यवहार, परदेशातली मिळकत असलेल्यांना तर आम्ही तेच सांगतो. फक्त पासवर्ड आणि ओटीपी देऊन नव्हे. 'ऑथराइज्ड पार्टनर्स' या मेनूतून नोंदणीकृत ई-रिटर्न मध्यस्थाला जोडता येतं आणि काढूनही टाकता येतं. भरलेली पीडीएफ सादर करण्याआधी मागा आणि वजावटींचं पान वाचा. न भरलेलं घरभाडं, न दिलेली देणगी तिथे दिसली तर तिथेच थांबवा. "तुमचा रिफंड वाढवून देतो, त्यातले इतके टक्के माझे" म्हणणाऱ्याच्या दारात उभं राहू नका.

सासूबाईंना कागदाची मुभा आहे, पण तिचा फायदा वाटतो तेवढा नाही. रिफंड येणार असेल तर त्यांचंही बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट करावंच लागतं, म्हणजे लॉग-इन काही सुटत नाही. त्यापेक्षा त्यांचा आधारचा मोबाइल जवळ घेऊन, त्यांना शेजारी बसवून ऑनलाइन भरा. आधी भरायची गरज आहे का ते बघा. आर्थिक वर्ष २०२४-२५ चं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल, कर कापलेला नसेल आणि बचत खात्यात वर्षात ५० लाख वगैरे जमा झालेले नसतील, तर बहुधा नाही. भरायचं असेल तर कुटुंब निवृत्तिवेतन पगाराच्या रकान्यात टाकू नका. ते 'इतर उत्पन्ना'त जातं, आणि त्यातून एक तृतीयांश किंवा २५,००० यांपैकी कमी असेल ती रक्कम नव्या पद्धतीत वजा होते. ७५ च्या पुढे विवरणपत्रच नको, असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, तो अर्धवट आहे. पेन्शन आणि व्याज दोन्ही एकाच ठरावीक बँकेतून येत असतील, दुसरं उत्पन्न नसेल आणि बँकेला फॉर्म १२बीबीए दिलेला असेल तरच ती सूट मिळते. एक ठेव पोस्टात असली की गेली.

एक काम मात्र याच आठवड्यात उरका. बँकेत जाऊन फॉर्म १५एच, म्हणजे 'माझा कर शून्य आहे, व्याजावर कर कापू नका' अशी घोषणा, भरा. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या व्याजावर कर कापण्याची मर्यादा ५० हजारांवरून १ लाख झाली आहे, पण तुमचं व्याज त्याच्याही वर जातं, म्हणजे कापलं जाईलच. तुमचा अंदाजे कर शून्य असल्याने १५एच देण्याचा तुम्हाला हक्क आहे. या वर्षाचा उरलेला कर कापणं त्याने थांबेल. पुढच्या वर्षापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच द्या. तो दरवर्षी नव्याने द्यावा लागतो. शिक्का मारलेली प्रत फॉर्म १६ च्या फायलीत ठेवा.